दोन पळ्या तेल

शुक्रवार पेठ, सोलापूर
३ जानेवारी २०२५

गिरिजे,

आशीर्वाद शेवटाला लिवते. आधी भांडण.

बसू टेंपो घेऊन काल पुण्यास्नं आला. त्याच्या हातून तुला शेंगाचटणीचा डबा पाठवला हुता. मी इचारलं, "पोचला का डबा?" तर मान खाली घालून म्हनला, "बजाआज्जी, खरं सांगू का? ताईंनी दारातच घेतला आणि माझ्या समोरच वॉचमनला देऊन टाकला. घरात न्हेलाच न्हाय. वॉचमन म्हनला, दर खेपंला असंच असतंय."

दर खेपंला! म्हंजे तीन वर्सं मी तुमच्या वॉचमनला पोसतीया.

तुझी आई गेली तवा तू दूधपिती हुतीस. ह्याच चटणीच्या धंद्यावर तुला वाढीवलं. आता तुला तिचा वास येतोय व्हय? हिकडं यायचं बी सोडलंस. आरोही बोबडं बोलत हुती तवा बघितली, आता साळंत जाती म्हणं. मी तिची पणजी, का पेठेतली कुनी म्हातारी?

आज्जीची लाज वाटत आसंल तर तसं लिव. तुला वाटली तर मला काय वाटायची न्हाय.

फोन करू नको. फोनवर तू बोलतीस ते मला डब्यात खडे हलवल्यागत ऐकू येतं. मग शेजारची मुक्ता मधी बसून सांगती, त्यात निम्मं तिचं पदरचं. कागदावर लिव. चौथीपतोर शिकले, वाचता येतं.

आता आशीर्वाद. सुकी ऱ्हा.

बजाबाई


पुणे
९ जानेवारी

आज्जी,

बसूने सांगितलं ते खरं आहे. लाज वाटत नाही गं. भीती वाटते. तुझी नाही, शेंगदाण्याची. हसू नकोस.

आरोही तीन वर्षांची असताना शेजारच्या बारशात कुणीतरी तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला. तिने अर्धासुद्धा खाल्ला नाही. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, डोळे मिटत गेले आणि मग तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. रिक्षात युवराज तिचे गाल थापटत होता आणि मी रिक्षावाल्याला शिव्या देत होते. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर उतरलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी दवाखान्यात पोचण्याएवढा वेळ मिळेलच असं धरून चालू नका. शेंगदाण्याचा कणसुद्धा नको, आयुष्यभर.

तुला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? तुझ्या घरात शेंगदाणा नाही असा कोपरा नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला कूट. मशीन दिवसभर चालू, धूळ पडद्यांवर, उशांवर. ज्या धंद्यावर माझं कॉलेज झालं, तो माझ्या पोरीला विष आहे, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणून येत नाही. युवराज आता दुबईला असतो. घरात मी आणि ती. तू पाठवलेला डबा दारात येतो तेव्हासुद्धा मी आधी तिला आतल्या खोलीत पाठवते.

रागावलीस तरी चालेल. पण विश्वास ठेव.

गिरिजा


सोलापूर
१५ जानेवारी

गिरिजे,

पत्र वाचलं. मुक्ताला वाचून दाखवलं. ती हसली. मी हसले न्हाय, पण मला पटलं बी न्हाय.

शेंगदाण्यानं माणूस मेलेलं ह्या वयापतोर ऐकलं न्हाय. उपाशी मेलेलं ऐकलंय. तुमचं पाणी गाळून गाळून पांचट केलेलं, दूध पिशवीतलं, लेकराच्या पायाला माती म्हणून लागू देत न्हाईस. मग पोरगी न्हाय, काचंचा गिलास तयार हुतोय. कुनी टिचकी मारली की तडा.

सवय लावायची असती गं येडे. आज मोहरीएवढं, उद्या ज्वारीएवढं, परवा तुरीएवढं. हां हां म्हंता मूठभर खाईल आणि वर पाणी मागंल. हितं आणून सोड तिला. तुझ्यानं बघवत नसंल तर मी लावते सवय. तुला सांगणार बी न्हाय, झाल्यावर कळंल.

आणि शेंगदाणा न्हाय, भाईरचं न्हाय, मग खायला घालतीस तरी काय तिला? हवा?

बजाबाई


पुणे
२० जानेवारी

आज्जी,

हे पत्र दोनदा वाच.

तू तिला मोहरीएवढं दिलंस तर ती मरेल. आजारी पडेल असं नाही म्हणत मी. मरेल. सवय डॉक्टर लावतात, दवाखान्यात, डोळ्यांत तेल घालून, आणि आमच्या डॉक्टरांनी आरोहीच्या बाबतीत तेही नको म्हटलंय. तू वाढवलंस म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस. तू मनाने काही केलंस तर पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही. रागात लिहीत नाहीये. राग परवा आला होता, आज शांतपणे लिहितेय.

काय खाते विचारलंस. बँकेतून घरी येते तेव्हा माझ्यात भाकरी थापायचं त्राण नसतं. म्हणून फ्रीजरमध्ये मोमोची पाकिटं ठेवते. मोमो म्हणजे उकडीच्या करंज्या समज, आत कोबी आणि गाजर, दगडासारख्या गोठवलेल्या. एकच पसरट कढई घ्यायची. आलं, लसूण, गवती चहा, लाल मिरची, नारळाचं दूध, त्यात मोमो, वर झाकण. थाई लोकांच्या स्वयंपाकासारखं. आरोही त्याला होडीची आमटी म्हणते, कारण करंज्या वर तरंगतात. थाई लोक असल्या रश्शात शेंगदाणा घालतात, अगदी तुझ्यासारखे. मी त्याऐवजी भाजलेलं खोबरं घालते.

दिवसभरात एवढंच एक ताट असतं ज्याच्याकडे मी निर्धास्त बघते. त्यातलं सगळं माझ्या हातचं असतं.

गिरिजा


सोलापूर
२ फेब्रुवारी

गिरिजे,

दोनदा वाच म्हनलीस, तीनदा वाचलं. तोंड पाहणार न्हाय ते झ्याक लिवलंयस. माझीच हायस.

गुडघ्याचं निमित्त करून पेठेतल्या डॉक्टरांकडं गेले. गोळ्या लिवून घेतल्या आणि उठता उठता इचारलं, "डॉक्टर, शेंगदाण्यानं माणूस मरतंय का वो?" ते म्हनले, "मरतंय, आज्जी." म्हनलं, "आणि थोडं थोडं देऊन सवय लावली तर?" तर खुर्चीतनं उठलेच. कुनाला देणार हाय, कुटं हाय लेकरू, असं मलाच इचाराय लागले. मी गोळ्या घेऊन घरी आले.

माज्या मनाला अजून पुरतं पटलं न्हाय. इतकी वर्सं मी लोकांना काय खायला घातलं मग? पण पटायची वाट बघत बसलं तर लेकरू जगत न्हाय. बाकी काय असंल ते माजं मी बघीन.

माफी मागणार न्हाय. ठावं नव्हतं, आता ठावं झालं.

तुझी ती करंजी मात्र ऐकून हसू आलं. करंजी करायला यीना म्हणून बर्फात ठिवायची आणि रश्शात बुडवायची! आपल्यात श्रावणात उकडीचे दिंड करत्यात, ते ताजे ताजे तुपासंगं खात्यात. असं मढ्यावानी गार करून ठिवत न्हाईत. थाई लोक शेंगदाणा घालत्यात ते बाकी बरं करत्यात. त्यांची लेकरं कशी जगत्यात ते इचार की कुनाला तरी.

बजाबाई


पुणे
१८ फेब्रुवारी

आज्जी,

अडचणीत आहे, म्हणून सरळ मुद्द्याला येते.

मार्चमध्ये बँकेने मला ट्रेनिंगला हैदराबादला पाठवायचं ठरवलंय. हे केलं तरच मॅनेजरची जागा मिळेल, आणि मॅनेजर झाले तरच युवराजला परत यायला सांगता येईल. आरोहीला सासूबाई सांभाळणार होत्या. काल त्या बाथरूममध्ये पडल्या, पाय प्लास्टरमध्ये आहे. सगळ्यांना विचारून झालं. तू उरलीस.

हे वाचायला बरं वाटणार नाही, पण तू माझ्या यादीत शेवटची होतीस. कारण तुला माहीत आहे.

घेशील तिला? घेणार असशील तर घरातून शेंगदाणा मुळासकट गेला पाहिजे. मशीन, पोती, पाटा, जुनी भांडी, उशा. तिच्या गळ्यात औषधाची छोटी पिशवी असते, ती अंघोळीला सोडून काढायची नाही. डॉक्टरांना आधी सांगून ठेव. शाळेची काळजी नको, मी बोलले आहे. रोज संध्याकाळी मुक्तामावशींच्या फोनवर तिच्याशी बोलेन.

ती तुझ्याकडे नवी आहे, तर निदान एक ओळखीचं जेवण असू दे. मोमोची पाकिटं बर्फाच्या खोक्यात घालून बसूबरोबर पाठवते, मावशींच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेव. होडीची आमटी अशी कर. पसरट कढईत दोन पळ्या तेल तापव. मोमो वितळू देऊ नकोस, लगदा होतो. गोठलेलेच ठेव आणि बूड तांबूस होऊ दे. बाजूने आलं, लसूण, ठेचलेला गवती चहा, थोडी लाल मिरची परत. मग नारळाचं दूध, सुपारीएवढा गूळ, मीठ, चिरलेलं गाजर आणि फरसबी. झाकण ठेव. दूध घट्ट झालं की गॅस बंद, मग लिंबू आणि भाजलेलं खोबरं. लिंबू आधी पिळलंस तर दूध फाटेल.

नाही म्हणालीस तरी समजून घेईन. मग ट्रेनिंग सोडेन.

गिरिजा


सोलापूर
२६ फेब्रुवारी

गिरिजे,

आणून सोड.

मशीन मुक्ताच्या पडवीत हलवली. पोती बसूच्या टेंपोतनं गोडावनात गेली. गिऱ्हाइकाला सांगितलं, महिनाभर चटणी मिळायची न्हाय. एक बाई म्हनली, "बजाबाई, तब्येत बरी न्हाय का?" म्हनले, "तब्येत बरी हाय. नातीची पोरगी याची हाय, तिला शेंगदाणा सोसत न्हाय." तर नाक मुरडून म्हनली, "असली कसली वो पोरगी?" म्हनले, "तुमच्या सुनंपरीस बरी. तिला तर काम सोसत न्हाय."

पडदे जाळले. उशा, गाद्या देऊन टाकल्या. भिंती वल्या फडक्यानं पुसल्या, मग परत पुसल्या. पाटा-वरवंटा भाईर. भांडी नवी, कढई नवी, पसरट, तुझ्या थाई लोकांना शोभंल अशी. मुक्ता आत याची तर आधी आंघोळ करून यायची. ती म्हनली, "म्हातारपणी सोवळं पाळाय लागलीस की गं." म्हनले, "व्हय. शेंगदाण्याचं सोवळं. विटाळ झाला तर तुला घरात घेणार न्हाय."

स्वयपाकघरात आता मीठ, तिखट, हळद, तांदूळ, तूरडाळ, ज्वारी, गूळ, तूप आणि तेलाचा डबा. बाकी फडताळ मोकळं. हात मारला तर आवाज यील.

डॉक्टरांना सांगून ठिवलंय. ह्या खेपंला खुर्चीतनं उठले न्हाईत.

आणि ते सवय लावायचं मी लिवलं हुतं, त्यावर तू परत काय इचारलं न्हाईस. मी बी शपथा घेणार न्हाय. भरवसा असंल तर आण. नसंल तर हैदराबाद सोड.

बजाबाई


हैदराबाद
१२ मार्च

आज्जी,

हे कुरियरने पाठवतेय. उत्तरही कुरियरनेच पाठव, मुक्तामावशींना सांग.

परवा संध्याकाळी फोन कुणी उचलला नाही. काल फोनवर आरोही म्हणाली, "मी इथलं काही खाणार नाही." का विचारलं, तर म्हणाली, "पणजी तुला पत्र लिहिणार आहे." मावशींना फोन दे म्हटलं. त्या म्हणाल्या, "पोरगी ठीक हाय, डॉक्टरांनी बघितलंय, बाकीचं बजाबाईच लिवतील," आणि फोन ठेवला. परत केला तर उचलला नाही.

डॉक्टरांनी का बघितलं?

तिचा चेहरा फोनवर पाहिला. सुजलेला नव्हता. श्वास नीट होता, मी मोजत होते. म्हणून अजून इथे बसले आहे, नाहीतर तेव्हाच निघाले असते. पण रात्रभर एकच वाक्य डोक्यात आहे. तुला सांगणार बी न्हाय, झाल्यावर कळंल. तूच लिहिलं होतंस.

दिलंस ना तू? मोहरीएवढं?

खरं लिही. काय झालं असेल ते असो, पण खरं. आणि लिहिणार नसशील तर मी आल्यावर माझ्या पोरीला घेईन आणि तुझ्याकडे न बघता जाईन.

गिरिजा


सोलापूर
१३ मार्च

गिरिजे,

न्हाय. मी दिलं न्हाय. हे पयल्या वळीत लिवलं, म्हंजे श्वास घे. आता बस आणि बाकीचं वाच, कारण बाकीचं बरं न्हाय.

सोमवारी तुझी आमटी केली. आधीचं दोन-तीन दीस पोरगी वरणभात आणि तूप खात हुती, रुसलेली हुती, माजी सवय झाली नव्हती. म्हनले, आई करती तसं करून घालावं. आल्या-लसणाचा वास सुटला तशी येऊन दारात उभी ऱ्हायली. तिला तू शिकवलंस ते झ्याक शिकवलंस. एकेक इचारत हुती, ह्यात काय, त्यात काय. जे तोंडाम्होरं इचारलं ते सांगितलं. पण मी शेगडीकडं तोंड करून हुते, आणि माज्या पाठीमागनं इचारलेलं मला ऐकू येत न्हाय. मुक्ता पायरीवर बसली हुती. तिनं मागाहून सांगितलं, पोरीनं दोनदा इचारलं हुतं, पणजी, तेल कशाचं?

मला ऐकू आलं न्हाय. मुक्ताला ऐकू आलं, तिला त्यात काय इशेष वाटलं न्हाय.

ताट वाढलं. पोरगी हात लावीना. म्हनले, "खा की गं, पुण्याच्या राणीसायबा." मान हलवली. म्हनले, "तुझ्या आईनं लिवलंय तसंच केलंय, कागद दाखवू का?" तरी न्हाय. मला राग आला. मुक्ता बघत हुती, त्यानं जास्त आला. मी तिची हनुवटी धरली आणि करंजी तोंडाशी न्हेली. आपल्यात लेकराला असंच भरवत्यात, तुला बी असंच भरवलं. तिनं दात असे आवळले की जबडा दगड झाला. करंजी फुटली, रस्सा वठाला लागला.

ती वरडली न्हाय. रडली न्हाय. माजा हात धरला आणि मला वढत स्वयपाकघरात न्हेलं, तेलाच्या डब्यापाशी. डब्यावर बोट ठिवलं.

डब्यावर शेंगंचं चितर हाय, गिरिजे. हिरवा पाला, खाली शेंगांचा घड. माज्या लग्नापास्नं घरात तसलाच डबा हाय. रोज हातात घेते. चितर कदी दिसलं न्हाय.

मी चितराकडं बघितलं, मग पोरीकडं. खालचा वठ फुगाय लागला हुता.

तोंड धुतलं. पिशवीतलं औषध दिलं, तू दाखवलं तसं. मुक्ता अनवाणी डॉक्टरांकडं पळाली, मी पोरीला उचलून मागनं. मला उचलत न्हाय, तरी उचललं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हनले, वठापतोरच ऱ्हायलंय, पोटात गेलं न्हाय, पण हितंच थांबा, परत चढलं तर बघायला पायजे. श्वास वाजतोय का बघा म्हनले. मला वाजलेलं कुटं ऐकू येतंय? तिच्या छातीवर हात ठिवून बसले. दवाखाना बंद हुईपतोर तसाच ठिवला. वर-खाली, वर-खाली. काय झालं न्हाय. वठ उतरला.

घाण्यावरनं तेल मीच आणते. शेंगदाण्याची पेंड तितं ढिगानं पडलेली असती, म्हशीला घालायला न्हेत्यात. ते बी बघते. पण शेंगदाणा म्हंजे दाणा, कूट, चटणी. ते सगळं मी घरातनं हुसकलं. तेल म्हंजे तेल. त्याला कोण शेंगदाणा समजतंय? धुतलेल्या घरात तो डबा मीच माज्या हातानं परत आणून ठिवला.

तू लिवलं हुतंस दोन पळ्या तेल. मी दोन पळ्या घातल्या. तुला दोष देत न्हाय, माज्यावर बी घेत न्हाय. कागदावर काय हुतं ते सांगते. पण हनुवटी धरली ते कागदावर नव्हतं. ते माजं.

त्या दिसापास्नं ती माज्या हातचं खात न्हाय. केळं खाती, स्वतः सोलून. अंडं खाती, स्वतः फोडून. पाणी बी स्वतः भरून घेती. मी जवळ गेले की तोंडावर हात ठिवती. मला राग येत न्हाय. बरं वाटतंय असं बी न्हाय.

मुक्ताला मीच गप केलं. फोनवर अर्धं ऐकलं असतंस आणि उरलेलं वाटंनं डोक्यात रंगवलं असतंस. सगळं एकदम कळावं म्हणून लिवलं.

न्यायची तर आजच येऊन ने. मी अडवणार न्हाय आणि ठिव बी म्हननार न्हाय.

बजाबाई


हैदराबाद
१५ मार्च

आज्जी,

पत्र वाचलं आणि बॅग भरली. स्टेशनवर गेले, तिकीट काढलं, डब्यात जाऊन बसले. समोरच्या बाईने विचारलं, "क्या हुआ बेटी?" तेव्हा कळलं की मी रडतेय.

गाडी सुटायच्या आधी तुझं पत्र परत काढलं. दोन पळ्या तेल. आज्जी, पुण्यात माझ्या घरात सूर्यफुलाचं तेल असतं. प्रत्येक पाकीट मी दुकानात उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, दुकानदार कंटाळतो. पण तुला लिहायला बसले तेव्हा मी तुझ्या घरातली पोरगी झाले असणार. त्या घरात तेल कशाचं, हे कधी कुणी विचारलेलं मी ऐकलंच नाही. उशासुद्धा लिहिल्या मी तुला. उशा! आणि तेल राहिलं. माझं राहिलं. तुझ्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो आरोहीने.

गाडीतून उतरले.

हनुवटी धरलीस ते मी अजून माफ केलेलं नाही. लवकर करेन असंही वाटत नाही. पण तू लिहिलंस. तुला ते लपवता आलं असतं, सगळं तेलावर ढकलता आलं असतं. म्हणून ती तिथेच राहतेय.

ट्रेनिंग शुक्रवारी संपतंय, शनिवारी सकाळी मी सोलापूरला. मी तिच्याशी फोनवर बोलले. पणजीचं खा, असं मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तोंडावर हात ठेवते तो ठेवू दे. तो हात मीच शिकवलाय. पण तशीच परत आली तर ती पुन्हा सोलापूरला येणार नाही, आणि मी तिला ओढून आणणार नाही. एवढं तुला माहीत असावं.

मोमोचं एक पाकीट उरलं असेल.

गिरिजा


सोलापूर
२१ मार्च

गिरिजे,

हे टपालात टाकत न्हाय. उद्या आलीस की हातात दीन. तोंडानं सांगायला गेले तर मुक्ता मधी बोलंल आणि सगळं तिच्यामुळंच झालं असं हुईल.

तुझं पत्र आलं, दोन दीस काय केलं न्हाय. पोरगी केळी खात ऱ्हायली. आज सकाळी तिला म्हनले, "चल, तेल आणायला. तू बघून घे." उठली, पिशवी घेतली.

दुकानात ती खाली फरशीवर बसली आणि एकेक पाकीट मांडीवर घेऊन वाचाय लागली. तिला अजून नीट वाचता येत न्हाय, अक्षरं लावत लावत वाचती, मी लावते तशी. मागं गिऱ्हाईक उभं. दुकानदार म्हनला, "आज्जी, पोरगी तेल घ्यायला आलीया का परीक्षा घ्यायला?" म्हनले, "परीक्षाच हाय. तू बी नापास हुशील, गप बस." एक पाकीट निवडलं. त्यावर मोठ्ठं पिवळं फूल. ते तिनं मला बोट लावून दाखवलं. मी बघितलं. ह्या खेपंला बघितलं.

कढई परत नवी आणली. आधीची मुक्ताला दिली, ती खुश.

मी आज रांधलं न्हाय. म्हनले, "तू सांग, मी करते." ती स्टुलावर उभी ऱ्हायली, माज्या म्होरं, मला तोंड दिसंल अशी. कुनी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ताडलं. तेल घाल म्हनली, घातलं. करंज्या तिनं टाकल्या, एकेक, लांबनं, अंगावर उडंल म्हणून. एक भाईर पडली, ती तिनं परत टाकू दिली न्हाय. लिंबू मी लवकर पिळाय गेले तर हात धरला. नारळाचं दूध पांढरं ऱ्हायलं, फाटलं न्हाय.

मग ताट वाढलं तिनंच. एकच वाढलं. माज्या म्होरं सरकवलं आणि म्हनली, "तू खा."

खाल्लं. ती माज्या वठाकडं बघत बसली. हलली न्हाय. मी म्हनले, "बाई गं, मला काय हुतंय? माजं आख्खं रगत शेंगदाण्याचं हाय." तरी बघत बसली. लई येळ बसलो. रस्सा बरा असतोय तुमचा, थोडा गुळचट.

शेवटाला माज्या वठाला बोट लावून बघितलं. मग म्हनली, "नाही फुगला," आणि माज्याच ताटातली करंजी उचलून खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी अर्धी खाल्ली आणि कानापाशी येऊन वरडली, "पणजी, मीठ कमी आहे."

खरंच कमी हुतं. उठले, मिठाचा डबा उघडला, चिमूट घेतली आणि तिच्या ताटावर हात न्हेला. तर तिनं माजा हात हवेतच धरला.

"आधी डबा दाखव."

दाखवला.

बजाबाई